वाचक विचारतात : सुखोनाकाठचं वेलिकी उस्त्यूग

गेल्या अंकात उत्तर रशियातल्या वेलिकी उस्त्यूग या गावाची ओळख करून दिली होती. सुखोना आणि यूग या दोन नद्या इथे मिळतात आणि पुढे उत्तर द्विना होऊन श्वेत समुद्राकडे जातात. वस्ती जेमतेम तीसेक हजार. त्या लेखावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

मॉस्कोपासून नऊशे किलोमीटरवरच्या एवढ्याशा गावात इतकी चर्च कशी? पैसा आला कुठून आणि गेला कुठे?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

पैसा नदीनं आणला. सोळाव्या शतकात रशियाकडे बाल्टिक समुद्रावर टिकाऊ बंदर नव्हतं. १५५३ मध्ये इंग्रज जहाज श्वेत समुद्रात शिरलं, उत्तर द्विनाच्या मुखाशी थांबलं आणि पश्चिम युरोपशी व्यापाराची वाट खुली झाली. १५८४ मध्ये तिथे अर्खांगेल्स्क वसलं. मॉस्कोचा माल हिवाळ्यात घसरगाड्यांवरून वोलोग्दापर्यंत यायचा, बर्फ फुटेपर्यंत वखारीत पडून राहायचा आणि वसंतात नावांवर चढून सुखोनातून उस्त्यूगला आणि तिथून द्विनातून अर्खांगेल्स्कला जायचा. दुसरी वाट पूर्वेची. व्हिचेग्दा नदीनं वर चढत उरल ओलांडायचा आणि सायबेरियात उतरायचं. तिकडून सेबलसारखी मौल्यवान फर यायची. या दोन्ही वाटा उस्त्यूगपाशी एकत्र येत. नाणेघाटातून उतरलेला माल कल्याणच्या बंदरात गलबतांवर चढायचा, हे ठाऊक असलेल्याला अशा गावाची श्रीमंती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

वाट सापडली की माणसंही लांब जातात. १६४८ मध्ये आशिया आणि अमेरिका यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून गेलेला सेम्योन देझ्न्योव बहुतेक अभ्यासकांच्या मते इथलाच. अमूर नदीचा प्रदेश पालथा घालणारा येरोफेय खबारोव याच परिसरातला. खाबारोव्स्क शहराला त्याचंच नाव आहे. पुढे अलास्कापर्यंत पसरलेल्या रशियन-अमेरिकन कंपनीच्या पहिल्या संचालकांपैकी मिखाईल बुल्दाकोव हाही उस्त्यूगचा व्यापारी.

चर्चसाठी पैसे दिले ते याच व्यापाऱ्यांनी. बाजारपेठेतलं असेन्शन चर्च ही गावातली टिकून राहिलेली सर्वांत जुनी पक्की इमारत. ती निकिफोर रेव्याकिन या व्यापाऱ्यानं १६४८ मध्ये बांधवली. देझ्न्योव सामुद्रधुनीत शिरला ते हेच वर्ष, आणि तेव्हा आपल्याकडे शिवाजी महाराज स्वराज्याचे पहिले गड जोडत होते. विटांकडे वळण्याचं कारण आग. लाकडी चर्च जळायची, पुन्हा उभी राहायची, पुन्हा जळायची.

एक गोष्ट मात्र फोटोत दिसत नाही. उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी दोन चर्च लागून असतात किंवा एकाच इमारतीत खाली-वर असतात. एक हिवाळ्याचं, बुटकं आणि भट्टी असलेलं. दुसरं उन्हाळ्याचं, उंच आणि बिनभट्टीचं. उंच इमारत तापवायला लाकूड फार लागतं हे एक कारण झालं. दुसरं असं की थंडीत आत ऊब आणि गर्दी असली की श्वासाची वाफ गार भिंतींवर धरते, तिथे गोठते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून चांगलं काम थंड चर्चमध्ये जास्त टिकतं.

पैसा गेला तोही वाट बदलल्यामुळे. १७०३ मध्ये पीटर्सबर्गची पायाभरणी झाली आणि झार पीटरनं अर्खांगेल्स्कचा माल तिकडे वळवायला भाग पाडलं. सायबेरियाचा रस्ताही हळूहळू दक्षिणेकडे सरकला. उस्त्यूग एका रात्रीत बुडालं नाही. अठराव्या शतकात इथली कारागिरी उलट ऐन भरात होती. पण एकोणिसाव्या शतकात जुनं पाडून नवं बांधण्याइतका जोर उरला नव्हता, आणि आज काठावर जे दिसतं त्याचं श्रेय बरंचसं त्याला द्यावं लागतं.

वडील सोव्हिएत काळात कामानिमित्त रशियात होते. त्यांनी आणलेली चांदीची छोटी डबी आहे, वर काळ्या रंगात नदीकाठचं गाव कोरलेलं. ती उस्त्यूगची असेल का? काळी पडली आहे म्हणून आई चिंचेनं घासायचं म्हणते.
— एक वाचक, नेरूळ

आधी आईंना थांबवा. चिंच नको, रांगोळी नको, दंतमंजन नको, बाजारातलं चांदी बुडवायचं द्रावण नको. ॲल्युमिनियमची फॉइल आणि खायचा सोडा घालून गरम पाण्यात ठेवायची युक्ती तर मुळीच नको. कारण असं. चांदीवर चढणारा काळा थर म्हणजे हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन बनलेलं सिल्व्हर सल्फाइड. आणि डबीवरचं ते काळं चित्रही सल्फाइडचंच आहे. चांदी, तांबं आणि शिसं गंधकासोबत वितळवून केलेलं. सोड्याच्या पाण्याला डाग कुठला आणि चित्र कुठलं हे कळत नाही. ते दोन्हीवर चालून जातं.

ही कला कशी होते ते समजलं की जपायचं कसं हेही समजतं. आधी चांदीवर चित्र कोरतात, खोली अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. काळ्या मिश्रणाची पूड करून नवसागरासारख्या द्रव्यात ओली करतात आणि कोरलेल्या भागात भरतात. मग भट्टी. मिश्रण वितळून खाचांत बसलं की गार करून वरचं जादा कानशीनं घासून काढतात, तेव्हा खालून चित्र वर येतं. त्यानंतर पॉलिश, कधी सोन्याचा मुलामा. सोळाव्या शतकातल्या इटलीत चेल्लिनी या सोनारानं दिलेलं प्रमाण चांदी एक, तांबं दोन, शिसं तीन असं होतं. उस्त्यूगचं प्रमाण मात्र कारागिरांनी घरातच ठेवलं. बिघडतं ते बहुतेक उष्णतेनं. भट्टी जास्त तापली की मिश्रणातलं शिसं चांदीच खातं आणि पृष्ठभागावर खड्डे पडतात. ते भरून येत नाहीत. मिश्रणात हवा अडकली तर घासताना बारीक छिद्रं उघडी पडतात. तुमच्या डबीवर भिंग धरून काळा भाग पाहा. चांगल्या कामात तो मखमलीसारखा सलग असतो आणि बोट फिरवलं तर चांदी आणि काळा भाग यांत चढउतार लागत नाही. नुसता काळा रंग भरलेला असेल तर खाचेची कड बोटाला जाणवते.

आता ओळख. झाकणाच्या आत किंवा तळाशी बारीक शिक्का शोधा. ८७५ आकडा आणि शेजारी पंचकोनी तारा असेल तर वस्तू १९५८ नंतरची, सोव्हिएत काळातली. ८४ आकडा असेल तर क्रांतीच्या आधीच्या मोजणीतली. तेव्हा शुद्धता ९६ भागांत मोजत, आणि ९६ पैकी ८४ म्हणजे हजारी ८७५ च. आकडा हजारी मोजणीतला आणि सोबत उंच शिरोभूषण घातलेल्या बाईचं डोकं असेल तर १९९४ नंतरची. शिक्क्यातला आकडा एकट्यानं गाव सांगत नाही, निर्मात्याची अक्षरंही वाचावी लागतात. पण सोव्हिएत काळात या कामाचं सर्वांत मोठं केंद्र उस्त्यूगच होतं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कला विझायच्या बेतात होती. मिखाईल चिर्कोव या म्हाताऱ्या कारागिराकडे मिश्रणाचं गुपित शिल्लक होतं, येव्स्ताफी शिल्निकोव्स्की हा चित्रकार. १९३३ मध्ये या दोघांच्या पुढाकारानं कारागिरांची सहकारी संस्था उभी राहिली आणि तिचाच पुढे ‘सेवेरनाया चेर्न’ कारखाना झाला. नदीकाठचं गाव हा तिथला आवडता विषय, त्यामुळे तुमचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे.

साफ करताना मऊ सुती कापड कोमट पाण्यात आणि सौम्य साबणाच्या दोन थेंबांत ओलं करा, हलकं पुसा, लगेच कोरडं करा, बिजागरीत पाणी राहू देऊ नका. यानं काळा थर पूर्ण जाणार नाही, आणि जायलाही नको. चांदीची चमक हवीच असेल तर चांदी पुसायचं कोरडं कापड घ्या आणि चित्र नसलेल्या भागावरच चालवा. मुलाम्यावर तेही नको. पावसाळ्यात डबी बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. रबर बँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद जवळ नको. रबरातलं गंधक चांदीला लागतंच.

दिम्कोवोची मातीची रंगीत खेळणी याच गावची का?
— एक वाचक, ठाकुर्ली

नाही. उस्त्यूगसमोर पलीकडच्या काठावर दिम्कोवो नावाची वस्ती आहे, अठराव्या शतकातल्या दोन चर्चची जोडी तिथे उभी दिसते. खेळणी मात्र व्यात्का, म्हणजे आजच्या किरोवजवळच्या दिम्कोवोची.

चौलला आलेला रशियन प्रवासी अफानासी निकितीन तिकडचाच का?
— एक वाचक, ऐरोली

तोही नाही. निकितीन व्होल्गाकाठच्या त्वेरचा. १४६९ च्या सुमारास चौलला उतरून तो जुन्नर आणि बिदरला गेला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे.

आमच्याकडे भरती आणि पाऊस एकत्र आले की पाणी तुंबतं. तिथे पाऊस नसताना वसंतात पूर येतो असं वाचलं. तो कसा?
— एक वाचक, कळवा

या नद्या दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतात, त्यातच सगळं आलं. वरच्या अंगाला ऊब आधी येते, बर्फ फुटून वाहायला लागतो, आणि खाली गावाजवळ नदी अजून घट्ट गोठलेली असते. तुटलेल्या लाद्या त्या अखंड बर्फावर येऊन आदळतात, एकमेकींखाली सरकतात आणि काही ठिकाणी तळापर्यंत बूच बसतं. सुखोना आणि यूग यांचा बर्फ एकदम सुटला तर पुढच्या वळणांत आणि उथळ पट्ट्यांत हे अधिकच होतं. मग बर्फाच्या मागे पाणी काही तासांत चढतं. १९९८ चा आणि एप्रिल २०१६ चा पूर असेच मोठे होते.

उपाय वसंताच्या आधी करतात. बर्फात करवतीनं लांब चिरा पाडतात, म्हणजे तो ठरलेल्या रेषेत तुटतो. पांढरा बर्फ ऊन परतवतो म्हणून त्यावर काळी पूड पसरतात. काळा भाग लवकर वितळतो. तरीही बूच बसलंच तर स्फोटकं. पण स्फोट बुचाच्या खालच्या टोकापासून वर करत जावा लागतो. मधेच फोडलं तर सुटलेल्या लाद्या थोड्या अंतरावर पुन्हा अडकतात.

जुन्या घरांचा खालचा मजला दमट आणि भिंतींना मिठाचे पांढरे डाग, हे गावात जागोजागी दिसतं. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते आणि वीट भुगा होते. चुन्याचा गिलावा श्वास घेऊ देतो. ठाण्यातल्या जुन्या वाड्यांच्या मालकांनीही हे ध्यानात ठेवावं.

प्रदर्शनात बर्चच्या सालीची कोरीव पेटी घेतली. पावसाळ्यात आतून बुरशी आली.
— एक वाचक, वाशी

सालीला सहसा काही होत नाही. ती तेलकट असते, पाणी धरत नाही. बुरशी येते आतल्या लाकडाला आणि सरसाला. पेटी उघडी ठेवून पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा, उन्हात नको, नाहीतर साल आणि लाकूड वेगवेगळं आकसून कोरीव वेल उचलला जाईल. मग कोरड्या ब्रशनं बुरशी झटका. वेलाचं टोक सुटलं असेल तर पातळ केलेला पांढरा डिंक काडीच्या टोकानं लावून वर कागद आणि हलकं वजन ठेवा. हे काम उस्त्यूगजवळच्या शेमोग्सा नदीकाठच्या खेड्यांतलं. साल उन्हाळ्याच्या सुरुवातीला, झाडात रस चढलेला असताना काढतात, तेव्हाच ती सहज सुटते. आतली साल न दुखावता काढली तर झाड जगतं. जाळीखाली दिसणारा चकाकता थर बहुधा फॉइल किंवा रंगीत कागद असतो, त्याला ओलं फडकं लावू नका.

पुढच्या वर्षी जायचा विचार आहे. दोन दिवस पुरतील का? मुलांना हिमबाबांचं घर बघायचंय.
— एक वाचक, घोडबंदर रोड

पुरतील, पण अर्धा दिवसच हिमबाबांना द्या. देद मोरोझचं, म्हणजे या हिमबाबांचं, घर म्हणून गावाचं नाव १९९८ पासून झालं. ते ठिकाण गावाबाहेर बारा-एक किलोमीटरवर पाइनच्या जंगलात आहे, आणि मुलांना आवडेल. मोठ्यांनी मात्र नदीपलीकडचा ग्लेदेनचा त्रिनिटी मठ चुकवू नये. तिथली सोनेरी कोरीव लाकडी चित्रभिंत १७७६ ते १७८४ या काळात घडली. भोवतालच्या भिंती पांढऱ्या, बिनचित्रांच्या, त्यामुळे नजर कुठेच भरकटत नाही. उस्त्यूगमध्ये एकच गोष्ट बघायची असेल तर आम्ही हीच सांगू. गावात काठाकाठानं चालत कॅथेड्रलच्या आवारात जा. १३०३ मध्ये वारलेल्या प्रोकोपी या संताच्या नावाचं कॅथेड्रल तिथेच आहे.

मॉस्कोहून रेल्वेनं कोत्लासला उतरून पुढे सत्तरेक किलोमीटर बस किंवा टॅक्सी, ही सोयीची वाट. भारतात काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं रशियात चालत नाहीत, रोकड न्या आणि मॉस्कोतच रूबल करून घ्या. जूनमध्ये रात्री अंधार जवळजवळ नसतो, डास मात्र असतात. जानेवारीत उणे वीस-तीसची तयारी हवी. फोनची बॅटरी आतल्या खिशात ठेवा, नाहीतर ती पटकन बसते. शाकाहारी असाल तर उपाहारगृहात ‘पोस्तनोये’ विचारा, म्हणजे उपासाचे मांस-अंडी-दूध नसलेले पदार्थ. त्यात मासे नाहीत ना, तेवढं मात्र विचारून घ्या. काळ्या चित्राची चांदी घेतलीत तर पावती जपा. शंभर वर्षांहून जुनी चांदी किंवा धार्मिक चित्रं कुणी रस्त्यात विकायला आणली तर घेऊ नका, परवानगीशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाहीत.