वाळवंटातल्या मुंग्यांना कोण वाढतं?

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आवाज तुटत होता, म्हणून लिहितोय. आजोबा जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून भात बाजूला का ठेवतात, आणि तो मुंग्यांसाठी असेल तर बाबांकडच्या वाळवंटातल्या मुंग्यांना कोण वाढतं, असं तू विचारलंस.

त्याला चित्राहुती म्हणतात. चित्रगुप्त, यम यांच्या नावाने भाताची चार शितं ठेवायची आणि शेवटची सगळ्या जिवांच्या नावाने. आता देवगडच्या घरी नीट बघ. आजोबांचा आमटीभात संपून ताकभात येईपर्यंत काळ्या मुंग्यांची रांग भिंतीच्या फटीतून थेट त्या शितांपाशी आलेली असते, आणि आजी तिथे कोणाला केरसुणी लावू देत नाही.

चोच दिली तो चारा देतो, हे आजीचं नेहमीचं. इथला चारा कसा असतो ते ऐक. सहारापासून अरबस्तानापर्यंत एक चंदेरी मुंगी सापडते. वाळू ६० अंशांच्या पुढे तापली की तिला खाणारे सरडे बिळात शिरतात. ही नेमकी तेव्हा बाहेर पडते, तीही थोड्याच मिनिटांसाठी. उन्हाने मेलेले किडे हे तिचं अन्न. म्हणजे जे ऊन दुसऱ्याचा जीव घेतं, तेच हिचं पान वाढतं. मला हे पचायला जड गेलं. आजीला विचार, ती 'जीवो जीवस्य जीवनम्' म्हणून मोकळी होईल.

पण त्या मुंगीची तयारी बघ. अंग ५३ अंशांपर्यंत तापलं तरी ती टिकते. तापण्याआधीच तिच्या शरीरात उष्णतेपासून सांभाळणारी प्रथिनं तयार असतात. पाय लांब, त्यामुळे अंग वाळूपासून उंच राहतं. धावते सेकंदाला सुमारे ८५ सेंटीमीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या शंभरपट! पाठीवरचे केस तिकोनी असतात. ते ऊन परतवतात आणि अंगातली उष्णताही बाहेर टाकतात, असं २०१५ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. पोटाखाली मात्र केस नाहीत, म्हणून वाळूची धग कमी लागते.

हे वाचून मी हात जोडले. काका म्हणेल, ज्यांना हे जमलं नाही त्या मुंग्या मेल्या, जमलं त्या उरल्या, त्यात देव कुठून आला? त्याचं चूक नाही. पण घडायला लाखो वर्षं लागली म्हणून घडवणाऱ्याचं काय कमी झालं?

आमचं मात्र उलट. इथे अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला सरकारची बंदी असते. मुंगीची कामाची वेळ ती आमची सावलीची.

आणि तू शितं ठेवलीस तर चालेल का? आजोबा म्हणतील, मुंज झालेल्यांनीच ठेवायची. मुंग्यांना त्याचं काही सोयरसुतक नाही. ठेव तू. फक्त आमटी कालवण्याआधी ठेव, आणि काजूच्या झाडावरच्या हुमल्यांना, म्हणजे त्या लाल मुंग्यांना, वाढायला जाऊ नकोस, ते कडकडून चावतात.

तुझे बाबा