"चार वर्षांच्या पोराला हे आत्ताच कशाला?"

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. मेघना (नाव बदललंय, तपशीलही थोडे हलवलेत) ऑफिसच्या पार्किंगमधून, गाडीत बसून माझ्याशी बोलत होती. सुरुवातीची दहा मिनिटं ती शाळेवरच घसरली, म्हणून मूळ प्रसंग मला उशिराच कळला.

न्यू जर्सीतल्या बालवाडीत तिचा साडेचार वर्षांचा ईशान जातो. आदल्या दिवशी खाऊच्या आधी हात धुताना तो शेजारच्या कृष्णवर्णीय मुलीला म्हणाला, "तू नीट धू ना, मग माझ्यासारखा होईल." ती रडली नाही की चिडली नाही. तिने साबण घेतला आणि हात पुन्हा धुतले. शिक्षिकेच्या हे लक्षात आलं. तिने दोघांना जवळ घेऊन सांगितलं की हा तिचा रंग आहे, मळ नाही. संध्याकाळी दोन्ही घरी कळवलंही.

"ताई, त्याला रंगबिंग काही कळत नव्हतं हो," मेघना म्हणाली. "या महिन्यात शाळेत ब्लॅक हिस्टरी सुरू झाली आणि हे झालं. चार वर्षांच्या पोराला हे आत्ताच कशाला? आणि खरं सांगू? त्यात आपला काय संबंध?"

अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, आणि पहिला प्रश्न मी इथल्या मराठी घरांतून दर फेब्रुवारीत ऐकते. दुसरा सहसा कुणी उघड विचारत नाही, त्यामुळे मला तिचं कौतुकच वाटलं. आणखी एक गोष्ट मी टिपून ठेवली: गाडीत एकटी असूनही 'काळी' हा शब्द उच्चारताना ती आवाज खाली आणत होती.

मी तिच्याकडे दोन गोष्टी मागितल्या, शिक्षिकेचा महिन्याचा आराखडा आणि ईशानचा उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस. उत्तर दुसऱ्या कागदावर होतं.

सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. ईशानची आंघोळ त्यांच्याकडे. डाळीचं पीठ, साय, चिमूटभर हळद, आणि चोळता चोळता "गोरा गोरा होणार माझा राजा". उन्हात खेळायला निघाला की, "फार वेळ नको रे, काळा पडशील." (सासूबाई माळकरी. हे चोळणं चालू असताना ओठांवर अभंग असतो तो सावळ्या विठ्ठलाचा. मेघना हे हसत सांगत होती आणि सांगता सांगता थांबली.) पोराने यातून साधा नियम काढला होता, की काळेपणा अंगावर बसतो आणि घासला की जातो. मैत्रिणीला त्याने मनापासून मदतच देऊ केली. त्याच्या तर्कात काहीच चूक नव्हती.

म्हणजे रंग त्याला शाळेने दाखवला नव्हता. मुलांना तो दिसतोच, आणि त्याला चिकटलेली किंमतही ती उचलतात. १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर सारख्याच बाहुल्या ठेवल्या, फक्त रंग वेगळा. चांगली बाहुली कोणती, असं विचारल्यावर बहुतेकांनी गोरी उचलली. शाळांमधली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा हवाला आहे. हे सांगितल्यावर मेघना म्हणाली, "म्हणजे आम्ही वाईट?" मी नाही म्हटलं. घरात कुणी द्वेष शिकवला नव्हता. लाड केले होते, आणि लाडातून एक वाक्य आत गेलं होतं.

मग आराखडा उघडला. मेघनाच्या डोळ्यांसमोर साखळदंड आणि चाबूक होते. कागदावर रताळं होतं.

कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलामगिरीत जन्मला आणि १८९६ मध्ये अलाबामातल्या टस्कीगीला शिकवायला गेला. कापसाने दमलेल्या जमिनीत भुईमूग आणि रताळी लावा, असं तो गरीब शेतकऱ्यांना सांगत राहिला. वर्गात शेंगदाणा आणायची सोय नाही, अॅलर्जीमुळे अमेरिकेतल्या बऱ्याच बालवाड्यांत तो वर्ज्य असतो. म्हणून शिक्षिकेने रताळ्याला टूथपिक टोचून ते पाण्याच्या ग्लासात अर्धं बुडवून ठेवलं होतं. मुलं रोज मुळं बघत होती.

दुसऱ्या आठवड्यात गॅरेट मॉर्गन या कृष्णवर्णीय संशोधकाचा सिग्नल. कागदाचे गोल आणि 'थांब-चल'चा खेळ. सिग्नलचे दिवे मॉर्गनने शोधले असं सर्रास सांगतात, ते बरोबर नाही. १९२३ मध्ये त्याने पेटंट घेतलं ते हाताने फिरवायच्या खांबाचं. त्यात 'थांबा' आणि 'चला' यांच्या जोडीला चारी बाजूंची वाहनं एकदम थांबवणारी तिसरी स्थिती होती. मला तर हेच मुलांसाठी जास्त छान वाटतं. सगळे थांबतात, म्हणून चालणारा रस्ता ओलांडतो. चार वर्षांच्या मुलाला हे खेळून कळतं. तिसऱ्या आठवड्यात आल्मा थॉमसची चित्रं. पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली ही बाई रंगाचे छोटे छोटे फटकारे गोलाकार मांडायची. मुलं तेच बोटांनी करणार होती.

गुलामगिरीचं वर्णन कुठेच नव्हतं, आणि या वयात ते नकोच. 'हा नियम बरोबर नव्हता, लोकांनी मिळून तो बदलला' इतकं पुरतं. "नॉट फेअर" हा चार वर्षांच्या मुलांचा आवडता शब्द, त्यामुळे न्याय-अन्याय त्यांना वेगळा शिकवावा लागत नाही. मला धास्ती वाटते ती नाटकांची. दुसऱ्या एका शाळेत रोझा पार्क्सच्या (गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार देणारी कृष्णवर्णीय बाई) बसचा खेळ करताना खुर्च्या मांडून सावळ्या मुलांना मागे बसवलं होतं. हेतू चांगला. त्यातली एक भारतीय मुलगी पुढे कित्येक दिवस आईला विचारायची, "मी कुठे बसू?" लहान मुलाला 'खोटंखोटं' झालेला अपमान आणि खरा अपमान वेगळा करता येत नाही. असा खेळ आराखड्यात दिसला तर पालकांनी शिक्षिकेशी जरूर बोलावं.

आता माझी चूक. घरी काय करू, असं मेघनाने विचारलं आणि मी तिला अंड्यांचा प्रयोग सांगितला. एक पांढरं अंडं, एक तपकिरी, दोन्ही फोडायची, आतून सारखीच. इथे तो फार लोकप्रिय आहे. सासूबाईंमुळे घरात अंडी चालत नव्हती, म्हणून बिचारीने गॅरेजमध्ये, थंडीत कुडकुडत तो केला. ईशानने दोन्ही टरफलं नीट बघितली आणि म्हणाला, "मग हे ब्राऊन टाकून देऊ या."

मी निरुत्तर. आतून सगळे सारखे, असं आपण सांगतो तेव्हा बाहेरचं टरफल फेकण्याच्या लायकीचं आहे हेही सांगून बसतो. त्या मुलीला तिचा रंग राखून मैत्रीण व्हायचं होतं. अंडी मी तेव्हापासून सुचवत नाही.

'आपला काय संबंध' या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी थोडक्यात दिलं. कृष्णवर्णीयांच्या चळवळीतून आलेला नागरी हक्कांचा कायदा १९६४ चा, मतदानाच्या हक्काचा १९६५ चा. त्याच वर्षी, त्याच लाटेत देशनिहाय भेदभावाचा कोटा मोडणारा स्थलांतराचा कायदा आला, म्हणून आपल्यासारख्यांना इथे दार उघडलं. आणि मागे जायचं तर जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांची दास्यातून मुक्तता करणाऱ्या तिथल्या सज्जन लोकांना. यावर मेघना म्हणाली, "हे आईंना माहीत असणार, जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होत्या."

पण आईंशी बोलायचं कुणी? सुनेने काढलेला विषय लगेच सून-सासूचा होतो. शेवटी व्हिडिओ कॉलवर मीच बोलले. उटणं बंद करा असं म्हटलं नाही. त्या मुलीने हात पुन्हा धुतले, एवढंच सांगितलं. काकू (मेघनाच्या सासूबाईंना मी काकू म्हणते) बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मला सात ठिकाणी नाकारलं होतं. सावळी म्हणून. आठव्या ठिकाणी हुंडा वाढवून लग्न झालं." थोड्या वेळाने: "पोराला तसं ऐकावं लागू नये, म्हणून चोळते हो."

मी रताळ्याचा विषय काढला तर त्यांचा चेहराच बदलला. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' त्यांनी चौथीच्या वर्गाला दर वर्षी वाचून दाखवलं होतं. "तो काळा होता हे काय मला ठाऊक नव्हतं? पण त्याचा आमच्या घरातल्या पिठाशी संबंध कधी लावला नाही." नातवाला कार्व्हर सांगायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत रताळ्याचा दुसरा ग्लास ठेवला.

मार्चमध्ये शाळेने हाताचा रंग कालवायचा उपक्रम घरी पाठवला. याच्याइतकी चांगली कृती मला माहीत नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगते. लाल, पिवळा आणि निळा मिसळला की तपकिरी होतो. त्यात पांढरा, पिवळा किंवा लाल थोडा थोडा घालत जायचं, मनगटावर ठिपका लावून बघायचा, जुळेपर्यंत. तपकिरीशिवाय कुणाचाच हात जमत नाही, गोऱ्या मुलांचाही. आणि नाव स्वतः ठेवायचं. (१९६२ पर्यंत क्रेयोला या खडूंच्या कंपनीच्या पेटीत एका फिकट खडूचं नावच 'कातडी' या अर्थाचं होतं. ते बदलून 'पीच' झालं. वेगवेगळ्या त्वचांच्या २४ छटांची पेटी यायला २०२० उजाडलं.)

काकूंनी आधी वाटीभर पांढरा घेतला. ईशान म्हणाला, "आजी, एवढा नको, तुझा नाही येणार." तिघांचे रंग कालवायला दुपार गेली. आजीचं नाव ठरलं 'जास्त उकळलेला चहा', आईचं 'खारीक', त्याचं 'गूळ'. आंघोळीला पीठ अजून असतं. काकू आता "मऊ मऊ होणार माझा राजा" म्हणतात. मधूनच जुनं वाक्य निसटतं, मग पोरगा ओरडतो, "आजी, गूळ!"

शाळेच्या भिंतीवर त्याच्या हाताच्या ठशाशेजारी त्या मुलीचा ठसा आहे. तिने आपल्या रंगाला 'ब्राउनीची कड' म्हटलंय. शिक्षिकेने मेघनाला थांबवून 'गूळ'चा उच्चार दोनदा विचारून घेतला. ळ काही तिला जमला नाही.