पाण्याने भरलेल्या कबरी

प्रश्न : मुलगा मँचेस्टरला असतो, मे महिन्यात गेलो होतो तेव्हा एका रविवारी तो आम्हाला हीशम नावाच्या गावी घेऊन गेला. समुद्राच्या वर खडकावर सेंट पॅट्रिकचं म्हणून एक पडकं चॅपल आहे, आणि बाजूला खडकातच माणसाच्या आकाराचे सहा खड्डे, पावसाचं पाणी साचलेलं. एक कोरडा होता त्यात नातू फोटोसाठी आडवा झाला तर हिने त्याला हात धरून उठवलं आणि घरी आल्या आल्या डोक्यावरून आंघोळ घातली. खरंच कबरी आहेत का त्या? एवढ्या अरुंद कशा, माणसं बुटकी होती का? आणि हा सेंट पॅट्रिक तिथे आला होता का? आम्ही वसईचे, मला तर आमच्या किल्ल्यातल्या चर्चएवढंच जुनं वाटलं.

उत्तर : काका, आधी वसईचं सांगतो. वसई पोर्तुगीजांना मिळाली १५३४ साली, म्हणजे किल्ल्यातली चर्च त्यानंतरचीच. हे चॅपल ८व्या-९व्या शतकाच्या आसपासचं, तिकडे वेरूळला कैलास लेणं खोदत होते साधारण त्या काळातलं. आकाराने मात्र आपल्या वन रूम किचनमध्ये मावेल एवढंच. दक्षिणेच्या भिंतीतल्या दाराची कमान बघितलीत का, वरचा गोल भाग एकाच दगडातून कोरलाय.

कबरी आहेत, शंभर टक्के. जरा पलीकडे अजून दोन आहेत, त्या बहुतेक तुमच्या बघायच्या राहिल्या. डोक्याच्या बाजूला चौकोनी खाच दिसली असेल, त्यात क्रूस उभा करत असणार. आणि माणसं काही बुटकी नव्हती हो. १९७७-७८ मध्ये तिथे उत्खनन झालं तेव्हा चॅपलच्या आसपास मातीत ८० च्या आसपास माणसं पुरलेली सापडली, बायका मुलं सगळीच, एका बाईसोबत तर हाडाचा कंगवा पण होता. म्हणजे साधी माणसं मातीत, आणि छिन्नीने खडक फोडून जागा करायची ती कोणातरी बड्यासाठी, हे मला पटतं. अरुंद असण्याबद्दल एक मत असंही आहे की आधी दुसरीकडे पुरलेल्या मोठ्या माणसाची हाडं नंतर गोळा करून त्यात ठेवली असतील. आज आत काही नाही, झाकणं पण गेली, त्यामुळे आंघोळ घातली नसती तरी चाललं असतं असं वहिनींना सांगा (माझं नाव न घेता). पण उठवलं ते बरं केलं, वालुकाश्म आहे तो, येणारा प्रत्येक जण आत झोपून फोटो काढायला लागला तर झिजणारच ना.

सेंट पॅट्रिक म्हणजे आयर्लंडचा संत. त्याची गोष्ट अशी की ५व्या शतकात त्याचं जहाज इथे फुटलं आणि तो किनाऱ्याला लागला. पुरावा काहीच नाही, आणि चॅपल त्याच्यानंतर निदान तीनशे वर्षांनी उभं राहिलं. पण समोरच्या समुद्रापलीकडे आयर्लंड, आजही हीशमच्या बंदरातून मधल्या आइल ऑफ मॅन बेटाला बोटी सुटतात, अशा ठिकाणी अशी गोष्ट जन्माला येणारच.

पुढच्या वेळी गेलात तर खाली सेंट पीटर्स चर्चमध्ये नक्की जा, तिथे व्हायकिंग काळातला थडग्यावरचा दगड ठेवलाय, पाठीला बाक असलेला, माझ्या मते वरच्या कबरींपेक्षा तोच जास्त बघण्यासारखा आहे. आणि ओहोटीला खाली वाळू मैलभर उघडी पडलेली दिसते, तिच्यावर चालत सुटू नका. वसईकरांना भरती-ओहोटी काय शिकवायची म्हणाल, पण समोरच्या त्या मोरकंबच्या खाडीत चोरवाळू आहे आणि पाणी मागून कधी वळसा घालतं कळत नाही, २००४ साली शिंपल्या वेचणारे २० हून जास्त चिनी मजूर रात्रीच्या भरतीत अडकून बुडाले तिथे.