‘जर्नीमन’ फुटबॉलपटूला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे की, इंग्लंडमधील एखाद्या फुटबॉल प्रशिक्षकाचा परिचय मराठीत लिहिताना, त्याच्या खेळाडूपणीच्या कारकिर्दीला इंग्रजीत लावले जाणारे ‘जर्नीमन’ हे विशेषण ‘प्रवासी फुटबॉलपटू’ असे उतरवले तर चालेल का. माझ्या मते चालणार नाही.

या शब्दातील ‘जर्नी’चा मूळ संबंध प्रवासाशी नसून दिवसाशी आहे. फ्रेंच भाषेत ‘झुर्ने’ म्हणजे दिवस किंवा दिवसभराचे काम. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये उमेदवारी पूर्ण करून धंद्यात तयार झालेला, परंतु स्वतःचे दुकान नसल्यामुळे उस्तादाकडे रोजाने काम करणारा कारागीर तो जर्नीमन. जर्मन प्रदेशांत असे कारागीर काही वर्षे खरोखरच गावोगाव फिरत असत, पण इंग्रजी शब्द त्या भटकंतीवरून आलेला नाही. म्हणजे हा माणूस नवशिका नाही आणि उस्तादही नाही. त्याच्या हाताला कसब आहे आणि त्यावर त्याचे पोट चालते.

फुटबॉलमध्ये हा शब्द आला तेव्हा त्याला दुसरी छटा चिकटली, ती म्हणजे अनेक क्लब बदलण्याची. इंग्लंडमधील प्रशिक्षक नील वॉर्नॉक यांच्या बाबतीत दोन्ही अर्थ जुळतात. शेफील्डमध्ये जन्मलेले वॉर्नॉक १९६७ ते १९७९ या काळात चेस्टरफील्ड, रॉदरहॅम, हार्टलपूल, स्कन्थॉर्प, ऑल्डरशॉट, बार्न्सली, यॉर्क आणि क्रू अशा आठ क्लबांकडून विंगर (मैदानाच्या कडेने आक्रमण करणारा खेळाडू) म्हणून खेळले आणि सर्वोच्च विभागात त्यांना एकही सामना मिळाला नाही. पायांच्या विकारांवर उपचार करण्याचे शिक्षणही त्यांनी घेतले होते. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी १९८७ मध्ये स्कारबरोला फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या विभागवार व्यावसायिक स्पर्धेत, नेले, १९९० आणि १९९१ अशी सलग दोन वर्षे नॉट्स काउंटीला वरच्या विभागात चढवले, आणि हडर्सफील्ड, प्लिमथ, शेफील्ड युनायटेड, क्वीन्स पार्क रेंजर्स यांनाही वर चढवल्यानंतर २०१८ मध्ये कार्डिफलाही वरच्या विभागात पोहोचवून अशा आठ चढतींचा विक्रम केला. जर्नीमन हे विशेषण त्यांच्या खेळाला लागू पडते, प्रशिक्षकपदाला नाही, आणि अनुवादात हा भेद पुसला जाऊ नये.

उलट गोलरक्षक जॉन बरिज यांचे उदाहरण पाहा. वर्किंग्टनपासून सुरुवात करून ते कितीतरी क्लबांत खेळले, सातशेहून अधिक लीग सामने त्यांच्या नावावर जमा झाले, आणि १९९५ मध्ये मँचेस्टर सिटीकडून ते वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी प्रीमियर लीग या सर्वोच्च विभागात उतरले. पुढे ओमानमध्ये गोलरक्षकांचे प्रशिक्षक असताना त्यांनी अली अल हब्सी या तरुणाला घडवले, आणि तो नॉर्वेमार्गे बोल्टनला पोहोचला. बरिज यांनाही जर्नीमन म्हटले जाते, पण तेथे भर क्लबांच्या संख्येवर आहे, सामान्य दर्जावर नाही. त्यांच्यासाठी ‘फिरस्ता’ शोभून दिसेल. वॉर्नॉक यांना तो अपुरा पडतो.

मग पर्याय कोणता? ‘रोजंदार’ हा मूळ अर्थाला सर्वांत जवळचा आहे, पण करारावर खेळणाऱ्या व्यावसायिकाला तो लावल्यास भलताच अर्थ निघेल. ‘भाडोत्री’ आणि ‘पोटभरू’ यांत तुच्छता आहे, ती मूळ शब्दात नाही. ‘कामचलाऊ’ तर सरळ चूक आहे, कारण जर्नीमनला काम पक्के येत असते. ‘मधल्या फळीतला’ हा शब्दप्रयोग मोहात पाडतो, पण फुटबॉलच्या मराठीत मधली फळी म्हणजे बचाव आणि आक्रमण यांच्यामधले खेळाडू, त्यामुळे विंगर असलेले वॉर्नॉक वाचकाला मिडफिल्डर वाटतील. मला ‘कसबी’ हा शब्द योग्य वाटतो. कारागिराशी असलेले नाते त्यात टिकते आणि ताऱ्याचे वलय त्यात नाही. क्लब बदलल्याचे मात्र त्यातून कळत नाही, म्हणून ते वेगळे सांगावे: ‘खालच्या विभागांतील आठ क्लबांकडून खेळलेले कसबी विंगर’. एका शब्दाच्या जागी सात शब्द खर्च झाले तरी हरकत नाही.

याच परिचयात ‘मॅनेजर’साठी ‘व्यवस्थापक’ लिहू नये. आपल्याकडे संघाचा व्यवस्थापक म्हटला की प्रवास, निवास आणि सामानाची सोय पाहणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, तर इंग्लंडमधील मॅनेजर संघ निवडतो, सराव घेतो आणि डावपेच ठरवतो. तेथे ‘मुख्य प्रशिक्षक’ लिहावे.