गोधडीसाठी कापडाचे छोटे तुकडे कुठून आणि किती घ्यावेत?

बहिणीच्या बाळासाठी पहिलंच दुपटं शिवताय. व्हिडिओत ‘फॅट क्वार्टर’, म्हणजे ठरावीक मापाचा कापडाचा तुकडा, घ्या म्हणतात आणि पुण्यातले दुकानदार मीटरच्या खाली कात्री लावत नाहीत. मग चिंध्याच किलोवर घ्याव्यात का, असं तुम्ही विचारलंय.

नका घेऊ. मी घेतल्या होत्या, दोन किलो. घरी येऊन पिशवी सतरंजीवर ओतली तर बगलेच्या गोलाईचे तुकडे, गळ्यातून निघालेल्या चंद्रकोरी, दोन बोटं रुंदीच्या लांबच लांब पट्ट्या आणि निम्म्याच्या वर जॉर्जेट नि ताणलं जाणारं होजिअरी. तीन संध्याकाळी निवडत बसले. इस्त्री करून, कडा सरळ करून पाच इंची चौकोन निघाले जेमतेम चाळीस. उरलेल्याची उशी भरली.

चूक चिंध्यांची नव्हती, माझीच होती. आपली आज्जी वाकळ शिवायची तेव्हा ती चौकोन जोडत नव्हती. खाली जुनं लुगडं अंथरायचं, वर तुकडे मांडायचे, कडा आत दुमडायच्या आणि सगळ्यातून धावदोरा घालत जायचं. तिथे तुकडा वाकडा असला तरी शेजारचा त्याला झाकून घेतो. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, तीही अशीच, कडेपासून सुरू करून मध्याकडे शिवत नेलेली. या पद्धतीला कुठलीही सुती चिंधी चालते. व्हिडिओतली पद्धत वेगळी आहे. तिथे आधी चौकोनाला चौकोन जोडून वरचा थर तयार करतात, आणि पाव इंचाची चूक दहा चौकोनांत अडीच इंच होते. तुम्हाला ती करायची असेल तर मापात कापता येईल असं कापड हवं.

आता ते फॅट क्वार्टर. अमेरिकेत गोधडीचं सुती कापड साधारण 44 इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, येतं. त्यातला पाव वार (वार म्हणजे 36 इंच) सरळ कापला तर 9 इंचांची लांबडी पट्टी हातात येते, मोठं फूल असलं तर तेही अर्धं कापलं जातं. म्हणून अर्धा वार कापून तो मधोमध उभा दोन करतात. तुकडा होतो 18 बाय 22 इंच. कापड तेवढंच, आकार सोयीचा. आपल्याकडे याच कामाचा तयार तुकडा प्रत्येक दुकानात रचलेला असतो, फक्त त्याला ब्लाउजपीस म्हणतात. 80 सेंटीमीटर लांब आणि 36 इंच पन्ह्याचा ब्लाउजपीस म्हणजे जवळजवळ तीन फॅट क्वार्टर. पाच इंची चौकोन 42 निघतात.

त्यामुळे बाजारात जाण्याआधी कपाट उघडा. ओटीत आलेले ब्लाउजपीस तुमच्याकडे, आईकडे, सासूबाईंकडे मिळून दहा-बारा तरी असतील. (माझ्याकडे एक असा आहे की जो मीच एकीला दिला होता, घडीवर माझ्याच हाताचा कुंकवाचा डाग आहे.) पण त्यातले बरेच नुसते चकचकीत, सुताचा पत्ता नाही. ओळखायची रीत सोपी: कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरा, मोरीत उभं राहून काडी लावा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि बोटाने चुरडली तर मऊ राखाडी राख होते. पॉलिस्टर वितळून आकसतं आणि टोकाला टणक मणी होतो. मणी झाला की तो ब्लाउजपीस पुढच्या ओटीसाठी परत कपाटात.

विकतच घ्यायचं तर हिशेब असा मांडा. दुपट्याचा मधला भाग 36 बाय 42 इंच धरू. दिसणारा चौकोन 6 इंची, म्हणजे आडवे 6, उभे 7, एकूण 42. शिवणीत जाण्यासाठी चारही बाजूंनी पाव इंच माया हवी, म्हणून कापायचा साडेसहा इंची. 44 पन्ह्याच्या पाव मीटरमध्ये अशी एक ओळ बसते, सहा चौकोनांची. सात वेगवेगळी कापडं पाव पाव मीटर घेतली की 42 झाले, आणि तीनेक इंचाच्या पट्ट्या उरतात त्या काठाला.

अडचण एवढीच की पाव मीटर कोणी देत नाही. अर्धा मीटर देतात, एकाच दुकानातून सहा-सात कापडं घेतलीत आणि लग्नसराईत भर दुपारी गेला नाहीत तर. मी पुण्यातल्या कापडगंजात जाते तेव्हा सरळ विचारते, ‘ताका संपत आलाय असं सुती काय आहे?’ शेवटचा पाऊण मीटर, सव्वा मीटर दुकानदारालाही नकोच असतो, त्याचा ब्लाउज होईल की नाही याची गिऱ्हाइकाला खात्री नसते. तो स्वस्तात सुटतो. मुंबईत असाल तर मंगलदास मार्केटमध्ये हाच प्रश्न विचारा. दाराबाहेरच्या कटपीसच्या ढिगाऱ्यातही हात घाला, पण प्रत्येक तुकडा पूर्ण उलगडून उजेडात धरा. काचेत मांडून ठेवलेल्या कापडाचा रंग घडीच्या रेषेवर उडालेला असतो आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो दिसत नाही.

दुकानदार कात्रीने जरासा काप देऊन टर्रकन फाडून देत असेल तर रागावू नका, उलट बरं. सुती कापड फाटतं ते आडव्या धाग्याला धरूनच, त्यामुळे कड सरळ मिळते. कात्रीने गप्पा मारत कापलेला अर्धा मीटर एका टोकाला 50 आणि दुसऱ्या टोकाला 47 सेंटीमीटर निघालेला मी मोजलाय. अर्ध्या मीटरमध्ये साडेसहाच्या तीन ओळी तशाही काठावर बसतात: साडेएकोणीस इंच लागतात आणि असतात 19.7. कापड आटलं की तिसरी ओळ गेली. दोनच धरा.

आणि आटतंच. माझं पहिलं दुपटं भाचीच्या मुलासाठी होतं. वरचे चौकोन धुऊन घेतले होते, खालचं मांजरपाट मात्र ‘आतलंच तर आहे’ म्हणून तसंच कोरं लावलं. पहिल्या धुण्यात ते इतकं आटलं की वरचा सगळा भाग उडदाच्या पापडासारखा फुगला. भाची काही बोलली नाही, पण ते दुपटं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. तेव्हापासून घरात आलेलं प्रत्येक कापड आधी रात्रभर बादलीत. लाल, मरून आणि निळीचं कापड वेगळ्या बादलीत, आणि वाळण्याआधी पांढऱ्या फडक्यावर ठेवून गरम इस्त्री. फडक्यावर गुलाबी छटा उतरली तर ते कापड बाळाच्या अंगाखाली नको. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात. माझ्या लाल कापडाने ते कधी ऐकलेलं नाही.

टेलरकडून घ्यायचंच असेल तर किलोवर नको, ओळखीने घ्या. आमच्या कोपऱ्यावरच्या मास्तरांना मी सांगून ठेवलंय: सुती कुर्त्यांचं, तळहातापेक्षा मोठं कातरण तेवढं वेगळं ठेवा. महिन्याला एक लहान पिशवी मिळते. पैसे घेत नाहीत, दिवाळीला चिवड्याचा डबा जातो.

जुनी साडी मधल्या थराला उत्तम, तिच्यासारखा मऊपणा विकत मिळत नाही. पण वरच्या चौकोनांत जुनं झिरझिरीत आणि नवं करकरीत शेजारी शेजारी जोडू नका. ओढ बसली की नवं टिकतं आणि जुनं शिवणीलगत फाटतं. साडीतून तुकडे काढणारच असाल तर निऱ्यांचा आणि बसायचा भाग सोडा, खोचलेल्या आतल्या टोकाकडचं घ्या. तरी दोन्ही हातांनी एकदा ताणून बघा. जाळी दिसली तर ते फडकं म्हणून वापरा.