एवढे शिकून आता कादंबरी लिहीत बसू का?

नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे, रुग्णालयेही पुष्कळ आहेत. त्यामुळे माझ्याकडे समुपदेशनासाठी डॉक्टरही येतात. मन दुसऱ्याच कामात रमू लागले आहे, पण एवढ्या वर्षांच्या शिक्षणाचे काय करायचे, ही काळजी त्यांच्याकडून मी अनेकदा ऐकली आहे. पुढील अनुभव संबंधित डॉक्टरांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे.

त्या मेडिसिनमध्ये एमडी झालेल्या, वय ३४, अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या. वडिलांनी दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागेवर कर्ज काढून त्यांना शिकवले होते. “मॅडम, मी रहस्यकादंबरी लिहिते आहे. राजीनामा देऊ की नको, एवढेच सांगा,” असे त्या बसताक्षणीच म्हणाल्या. रॉबिन कुक आणि टेस गेरिट्सन या दोन डॉक्टर-कादंबरीकारांची नावेही त्यांनीच घेतली.

त्या नावांपुढे वर्षे लिहायला मी त्यांना सांगितले. कुक हे नेत्रतज्ज्ञ. त्यांची पहिली कादंबरी १९७२ मध्ये आली आणि फारशी चालली नाही, मोठे यश मिळाले ते १९७७ मध्ये. गेरिट्सन १९७९ मध्ये डॉक्टर झाल्या, बाळंतपणाच्या रजेत लिहिलेल्या कथेला स्पर्धेत बक्षीस मिळाले, दोन कादंबऱ्या सरावाच्या म्हणून तशाच राहिल्या, पहिली छापली गेली ती १९८७ मध्ये आणि सर्वाधिक खपाच्या यादीत नाव झळकले ते १९९६ मध्ये. आपण या माणसांची शेवटची पायरी पाहतो आणि आपल्या पहिल्या पायरीशी तिची तुलना करतो. त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरून ठेवला.

मग मी विचारले, “तुमची किती पाने झाली?” अकरा. तीही सहा वेळा नव्याने सुरू केलेली, आणि प्रत्येक सुरुवात रात्रपाळीत एखादा रुग्ण दगावल्यानंतरची. लेखनाची ओढ आणि कामाचा थकवा इतके एकमेकांत गुंतलेले असताना राजीनाम्याचा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांनी सहा आठवडे रात्रपाळी बंद करून घेतली. झोप सुधारली, रडू येणे थांबले, तरी लिहावेसे वाटणे कमी झाले नाही. उलट त्या पहाटे उठून लिहू लागल्या. थकवा उतरल्यावरही टिकली, म्हणून ती ओढ मी खरी मानली.

तरीही गाडी बाराव्या पानावर अडायचीच. कारण तिसऱ्या भेटीत बाहेर आले. कथेत फवारणीच्या औषधाने विषबाधा झालेला जो माणूस होता, तो त्यांचा खराखुरा रुग्ण होता. त्याच्या पत्नीच्या हातातील एक वस्तू त्यांना विसरता येत नव्हती. ती कोणती, हे मी येथेही लिहिणार नाही. रुग्णाची गुपिते उघड न करण्याचे बंधन २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे, हे त्या जाणत होत्या आणि नुसते नाव बदलून मन मानत नव्हते. डॉक्टर-लेखकाच्या वाटेवरचा खरा अवघड चढ हाच आहे, असे मला वाटते. आम्ही दोन रकाने आखले. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, तोंडाला लाळ सुटणे, उतारा म्हणून दिले जाणारे अ‍ॅट्रोपिनचे डोस, हे वैद्यकशास्त्राचे. ते कोणीही वापरावे. घर, पत्नी, शेवटचे शब्द हे त्या माणसाचे. ते सारे वगळायचे. त्या रात्री त्यांनी अकराही पाने बाजूला ठेवली आणि नवा माणूस रचला.

पैशांचा हिशेब थोडक्यात. १००० प्रतींची आवृत्ती, ३०० रुपये किंमत आणि दहा टक्के मानधन धरले, तर सगळी आवृत्ती खपल्यावर हाती ३०,००० रुपये येतात. हा आकडा पाहून त्यांनीच राजीनाम्याचा विषय सोडला; आठवड्यातून चार दिवस बाह्यरुग्ण विभाग आणि तीन सकाळी लेखन, असे ठरवले. वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी होणारे नूतनीकरण चुकवू नका, एवढे मी सुचवले.

वडिलांना सांगायचे राहिले होते. “एवढं शिकवलं ते गोष्टी लिहायला?” हे त्यांचे वाक्य डॉक्टरांनी मला इतक्यांदा ऐकवले होते, की प्रत्यक्षात ते वडिलांनी कधी उच्चारलेच नव्हते, हे आम्हा दोघींच्याही उशिरा लक्षात आले.

द्राक्षबागेची खरड छाटणी उरकल्यावर वडील, म्हणजे आप्पा, चार दिवस लेकीकडे आले. जाताना त्यांनी स्पायरल बाइंडिंग केलेले हस्तलिखित टेबलावर ठेवले. डॉक्टर ते घेऊन माझ्याकडे आल्या आणि त्यांनी एक्केचाळिसावे पान उघडले. समासात शिसपेन्सिलीने, बागेच्या नोंदवहीत लिहितात तशा ठसठशीत अक्षरात लिहिले होते : “भर दुपारी उन्हात फवारणी कोण करतं? सकाळची वेळ टाक.”