पाण्यात उभी कपाशी माना का टाकते?

प्रश्न : आमची कपाशी भारी काळ्या रानात आहे. ऑगस्टमध्ये झड लागली, सऱ्यांत पाणी तुंबलं. ऊन पडलं आणि पाते-फुलांवर आलेली झाडं दुपारपर्यंत मलूल झाली. बाबांनी पाण्यातच युरिया टाकला, तरी पानं पिवळीच. पुस्तकात तर लिहिलंय की मूलरोम (मुळावरचे बारीक केस) परासरणाने, म्हणजे पाणी विरळ द्रावणातून दाट द्रावणाकडे आपोआप सरकण्याने, पाणी घेतात आणि परासरणाला ऊर्जा लागत नाही. मग मुळाशी एवढं पाणी असताना झाड सुकतं कसं?
– दहावीची विद्यार्थिनी, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : पुस्तकातलं वाक्य खरं आहे. तुझी शंका त्याच्या पुढची आहे आणि ती शेतात उभं राहून आलेली आहे, म्हणून मला फार आवडली. परासरणाला ऊर्जा लागत नाही. पण ज्या पेशींमधून ते घडतं, त्या जिवंत राहायला ऊर्जा लागतेच. ती श्वसनातून मिळते. म्हणजे मुळालाही हवा हवी.

आधी मूलरोम डोळ्यांनी बघ. ज्वारीचे दाणे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेव. दोन-तीन दिवसांत मुळाच्या टोकाच्या थोडं मागे पांढरी लव दिसेल. पुष्कळ जण तिला बुरशी समजून दाणे फेकून देतात! त्यातला एकेक केस म्हणजे बाहेर लांबलेली एकच पेशी. अगदी टोकावर ही लव नसते, जुन्या तपकिरी मुळावरही नसते. मधल्या कोवळ्या पट्ट्यातच असते. शेतकरी जिला ‘पांढरी मुळी’ म्हणतात, ती हीच कामाची मुळी. १९३७ साली हॉवर्ड डिटमर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने राय या धान्याच्या चार महिन्यांच्या एकाच रोपाची मुळं मोजली. मुळांची एकूण लांबी ६०० किलोमीटरच्या वर भरली आणि मूलरोम सुमारे १,४०० कोटी.

मूलरोमाच्या आतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी आत येतं. तिथून ते काही पेशींमधून, काही नुसतं पेशींच्या भिंतींतून आत सरकतं. पण जलवाहिन्यांच्या अलीकडे अंतस्त्वचेचा थर आहे. त्याच्या भिंतींत मेणचट पट्टी असते, कॅस्परी पट्टी. भिंतींतली वाट इथे बंद होते. पुढे जायचं तर जिवंत पेशीच्या पटलातूनच. त्या पटलात खास पाण्यासाठी प्रथिनांच्या नळ्या असतात, ॲक्वापोरिन. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ऑक्सिजन तुटला की पेशीतला द्रव आम्लधर्मी होतो आणि या नळ्या मिटतात. बाहेर पाणी, आत तहान, ती इथे.

ऑक्सिजन तुटतो कारण तो हवेपेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. त्यात आपली काळी माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात. उरलासुरला ऑक्सिजन मुळं आणि जिवाणू मिळून लवकरच संपवतात. आभाळ भरलेलं असतं तोवर पानांतून वाफ कमी जाते, म्हणून झाड तग धरतं. ऊन पडलं की पानांची मागणी एकदम वाढते, मुळं पुरवू शकत नाहीत, आणि झाड मान टाकतं. उघडीप पडल्यावरच तुझ्या शेतात हे दिसलं, ते यामुळे.

आता युरिया. मातीत जिवाणू त्याचं पुढे नायट्रेट करतात. नायट्रेट, पालाश ही द्रव्यं मातीच्या पाण्यात विरळ आणि पेशीत दाट असतात. विरळाकडून दाटाकडे ती आपोआप जात नाहीत; मूळ ऊर्जा खर्चून त्यांना ओढून घेतं. श्वास कोंडलेल्या मुळाला ते जमत नाही. शिवाय पाणी तुंबलेल्या मातीत काही जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. म्हणून तो युरिया झाडाला फारसा पोचलाच नाही. (भाताच्या मुळांत पानांकडून हवा आणणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून तो चिखलात खुशाल उभा राहतो. कपाशीला ती सोय नाही.)

बाबांना सांग, पहिलं काम पाणी बाहेर काढायचं. उताराच्या दिशेने चर काढा. वाफसा आल्याशिवाय कोळपं घालू नका, नाहीतर चिखल दाबला जाऊन उरलेली छिद्रंही बुजतील. वाफसा आला की कोळपणी करून मग खताची मात्रा द्या. मधल्या काळात पानांवर दोन टक्के युरियाची फवारणी, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, चालेल. पानं मुळांना वळसा घालून थोडं नत्र घेतात. आणि खुरप्याने एखाद्या झाडाची बाजूची माती हलक्या हाताने काढून बघ. पांढरी मुळी फुटत असेल तर झाड सावरेल. सगळी मुळं तपकिरी, बोटांत सोलून येणारी आणि वास मारणारी असतील, तर त्या झाडावर खर्च करू नका. पुढच्या हंगामात या रानात रुंद वरंब्यावर टोकण करा आणि सऱ्यांचं तोंड चराला जोडूनच ठेवा.